लोणारच्या काठाची प्रदक्षिणा : परिसर अभ्यासातील एक पाठ

बुलढाणा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या सहली बहुधा तीन ठिकाणी जातात : शेगाव, सिंदखेडराजा आणि लोणार. पहिल्या दोन ठिकाणी काय पाहावयाचे व काय सांगावयाचे याविषयी शिक्षकांच्या मनात फारसा संदेह नसतो. लोणारचे तसे नाही. तेथे पोहोचल्यावर मुले पायऱ्या उतरून थेट तळ्याकडे धावतात, पाण्याचा वास येतो म्हणून नाक धरतात, मंदिरे पाहतात, शिदोरी सोडतात आणि दमून वर येतात. घरी गेल्यावर ‘काय पाहिले ?’ असे विचारले तर ‘मोठे तळे’ एवढेच उत्तर मिळते. तळी तर जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. लोणारास जगातील भूशास्त्रज्ञ येतात ते तळे पाहण्यासाठी नव्हे, तर ज्या खळग्यात ते तळे साठले आहे तो खळगा पाहण्यासाठी. खळग्याचा आकार त्याच्या तळाशी उभे राहून कळत नाही. तो कळावयाचा तर काठावरूनच चालले पाहिजे.

काठावरून चालत निघून पुन्हा निघाल्या जागी परत येण्याची ही वाट इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांना झेपण्याजोगी आहे. चढउतार बेताचेच आहेत, कारण काठाची उंची सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखीच राहते. थकविणारी चढण आहे ती तळ्यापर्यंत उतरून पुन्हा वर येण्यात. काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर आहे. गावातील बारा मीटर उंचीचा कडुनिंब घेतला तर असे अकरा वृक्ष एकावर एक उभे करावे लागतील. मुलांना मीटर सांगण्यापेक्षा कडुनिंब सांगावा.

वाटेची लांबी

विवराचा व्यास सुमारे १.८३ किलोमीटर आहे. सहलीपूर्वी दोन दिवस वर्गात एक ताट, एक वाटी व परडीचे गोल तोंड घ्यावे. प्रत्येकाच्या कडेवरून सुतळी फिरवून ती सरळ करावी आणि त्या वस्तूच्या रुंदीशी मोजून पाहावी. वस्तू लहान असो वा मोठी, सुतळी रुंदीच्या तिपटीहून किंचित अधिक भरते, हे मुलांनी स्वतः पाहावे. ‘पाय’ हे नाव या इयत्तेस सांगण्याची घाई नको. त्यानंतर लोणारचा व्यास फळ्यावर लिहून काठाची लांबी विचारावी. तिपटीने हिशेब केला तर साडेपाच किलोमीटरांच्या जवळ उत्तर येते. वरच्या वर्गातील मुले २२/७ ने गुणून ५.७५ किलोमीटर असे काढतील. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे पाऊल अर्धा मीटर धरले तर ही साडेअकरा हजार पावले होतात.

प्रत्यक्ष वाट यापेक्षा काहीशी अधिक लांब भरते, आणि ते तसेच भरावे. कारण पायवाट कंपासाने काढलेली नसून झुडुपे, ओघळी व दगड चुकवीत वळणे घेत जाते. पावले मोजणाऱ्या मुलांचा आकडा हिशेबाशी जुळला नाही तर शिक्षकांनी तो खोडू नये. तो का जुळला नाही, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

थांबे धरून या प्रदक्षिणेस तीन ते साडेतीन तास लागतात. लोणार गाव विवराच्या ईशान्येस आहे आणि बारमाही झऱ्याची धारही त्याच बाजूस आहे. तेथून सकाळी लवकर निघावे व तळे उजव्या हातास ठेवून चालावे. देवळाची प्रदक्षिणा ज्या हाताने घालतात त्याच हाताने ही होते, त्यामुळे दिशा समजावून सांगण्यास वेळ लागत नाही. यात दुसरीही सोय आहे. प्रारंभी पूर्वेकडील काठावर असताना सूर्य पाठीशी राहतो आणि समोरची पश्चिम कड उन्हात स्वच्छ उजळलेली दिसते. उशिरा निघालेल्या शाळांना हे दृश्य मिळत नाही. डोळ्यांवर हात धरून मुले चालतात आणि काही पाहत नाहीत.

दोन चित्रे

मेहकरकडील एका दोनशिक्षकी शाळेत घडलेला प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. शाळेचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. ती शाळा दोन वर्षांआड लोणारास जात असे आणि नेहमीप्रमाणे मुलांना खाली उतरवीत असे. वर्गात एका पायाने अधू असलेला एक मुलगा होता. पायऱ्या त्याला झेपणार नाहीत म्हणून त्यास वरच, शिदोरीच्या पिशव्यांपाशी, एका पालकासोबत बसविण्यात आले. दोन तासांनी मुले वर आली, सर्वांनी जेवण केले आणि सहल परतली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सर्वांना लोणारचे चित्र काढावयास सांगितले. खाली जाऊन आलेल्या मुलांनी दिनदर्शिकेवर असते तसे चित्र काढले : मागे त्रिकोणी डोंगर, मध्ये निळे पाणी, एका बाजूस देऊळ. वर बसलेल्या मुलाने एक मोठे वर्तुळ काढले होते. त्याच्या आत दुसरे लहान वर्तुळ, दोहोंच्या मध्ये झाडीचे पट्टे, आणि बाहेरच्या वर्तुळाची कड शेतांपेक्षा उंच दाखविलेली. सावली कोणत्या बाजूस होती तेही त्याने काळ्या खडूने भरले होते. गुरुजींनी ते चित्र बराच वेळ हातात धरले. ज्यास सहलीतून वगळले असे त्यांना वाटत होते, त्या एकट्यानेच लोणार पाहिले होते.

पुढील सहल त्यांनी काठावरून नेली. जेथे गाडीरस्ता काठाजवळून जातो तेवढा भाग तो मुलगा सातवीतील एका विद्यार्थ्याच्या सायकलीवर बसून आला, आणि उरलेल्या वाटेपैकी जमेल तेवढी काठी टेकीत चालला. पश्चिमेकडील खडकाळ टप्पा त्याने गाळला. त्या टप्प्याचे वर्णन इतरांनी त्यास सांगावे व त्याने ते नकाशात भरावे, असे ठरले होते. वर्णन पुरेसे नसेल तर तो पुन्हा प्रश्न विचारी, आणि सांगणाऱ्यांच्या ध्यानात येई की आपण ते नीट पाहिलेच नव्हते.

सायकलींविषयी येथेच सांगणे बरे. वरच्या प्राथमिक वर्गातील मुले जवळच्या गावांतून सायकलींवर येऊ शकतात व बाहेरच्या रस्त्याने विवराभोवतीचा बराच भाग पाहू शकतात. काठावरील पायवाट मात्र सायकलींसाठी नाही. विवराचा परिसर सन २००० पासून वन्यजीव अभयारण्य आहे. तेव्हा कोणत्या वाटेने जावयाचे याविषयी वनविभागाची अनुमती व तेथील वनरक्षकांचा सल्ला आधी घेतला पाहिजे.

परातीतील लोणार

काठावर काय पाहावयाचे हे कळण्यास वर्गातील एक प्रयोग उपयोगी पडतो. परातीत चार बोटे जाड चाळलेली काळी माती पसरावी. तिच्यावर चुलीच्या राखेचा पातळ थर द्यावा. काही शिक्षक यासाठी पीठ वापरतात. पीठ वाया घालविण्याचे काहीच कारण नाही, राखेने काम उत्तम होते. मग डोक्याच्या उंचीवरून लिंबाएवढा दगड त्यात टाकावा आणि अलगद उचलून घ्यावा. मुलांनी तीन गोष्टी पाहाव्यात. खळगा दगडापेक्षा रुंद झाला आहे. त्याची कड भोवतालच्या सपाटीहून वर उचलली गेली आहे. आणि खालची काळी माती उडून पांढऱ्या राखेवर बाहेरच्या बाजूस पसरली आहे.

लोणारास या तिन्ही गोष्टी आहेत. काठ भोवतालच्या मैदानापेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. काठावरून बाहेरच्या शेतांकडे उतरताना जमिनीत फुटक्या, कोनाकोनाच्या दगडांचा खच लागतो. विवरातून उडालेला हा माल काठाबाहेर एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरला आहे. आपल्या गावच्या विहिरीत किंवा खाणीत मुलांनी काळ्या खडकाचे आडवे थर पाहिलेले असतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरून ते झाले. लोणारच्या काठावर हेच थर आडवे नसून बाहेरच्या बाजूस कललेले आढळतात, जणू कोणी खालून हात घालून ते उचलून मागे वाकविले आहेत. असा एखादा उघडा थर दिसला की तेथे थांबावे, वही त्यास समांतर धरून तिरकेपणा पाहावा. संपूर्ण प्रदक्षिणेत एवढा एक थांबा नीट झाला तरी सहल सार्थकी लागली असे समजावे.

‘तो दगड कुठे आहे ?’ हा प्रश्न हमखास येतो. परातीतील दगड आपण उचलून घेतला, लोणारचा कोणी नेला ? आकाशातून येणाऱ्या अशनीचा वेग दर सेकंदास कित्येक किलोमीटर असतो. एवढ्या वेगाची वस्तू जमिनीवर आदळून थांबते तेव्हा इतकी उष्णता निर्माण होते की ती वस्तू आणि तिच्याखालचा खडक वितळून जातो व त्याची वाफ होते. तो दगड पुरलेला नाही, तो दगड म्हणून उरलाच नाही. परातीतील प्रयोगात व लोणारात हा मोठा भेद आहे. तो लपवून ठेवू नये. प्रयोग आकार दाखवितो, उष्णता दाखवीत नाही.

हे सर्व पूर्वीपासून ठाऊक होते असे मात्र नाही. सन १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख असावे अथवा भूगर्भातील वायूंच्या स्फोटाने झाले असावे, असे अनेक विद्वानांचे मत होते. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांताच्या उंच, कोरड्या पठारावर असाच एक गोल खळगा आहे. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे लोणारहून लहान. गिल्बर्ट या ख्यातनाम भूशास्त्रज्ञाने तो पाहिला, आणि १८९६ साली त्याविषयी लिहिताना लोणारचाही उल्लेख केला. त्याचा निष्कर्ष वाफेच्या स्फोटाचा होता. तो चुकला. ॲरिझोनाचे विवर अशनीपातानेच झाले हे १९६० च्या सुमारास शूमेकर व त्याच्या सहकाऱ्यांनी खडकांतील पुराव्याने सिद्ध केले. लोणारच्या बाबतीत हा पुरावा १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी मांडला. तळ्याच्या बुडाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत त्यांना प्रचंड आघातानेच होणारी काच आढळली. ज्वालामुखीत तसा दाब उत्पन्न होत नाही. ॲरिझोनाचे विवर वालुकाश्म व चुनखडकात आहे. लोणारचे आपल्या काळ्या बेसाल्टात आहे. चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठावरही बेसाल्टच विपुल असल्याने तेथील विवरे समजून घेऊ इच्छिणारे शास्त्रज्ञ लोणारच्या काठावर येतात. ज्या वाटेवरून मुले चालतात तीच त्यांचीही वाट.

वयाचे दोन आकडे

हे केव्हा घडले, या प्रश्नापाशी शिक्षकांची खरी कसोटी आहे. बहुतेक पुस्तकांत सुमारे ५०,००० वर्षे असे लिहिलेले असते. तापदीप्ती नावाच्या पद्धतीने काढलेले वय ५२,००० वर्षांच्या आसपास आले होते, त्यावरून हा आकडा रूढ झाला. तथापि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, आघाताने वितळलेल्या खडकातील आर्गॉन वायूवरून, हे वय सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. एक आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ अकरा पट आहे. अशा वेळी एक आकडा पुसून टाकण्याचा मोह होतो, कारण परीक्षेत एकच उत्तर अपेक्षित असते. तो मोह आवरावा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत, कोणता कोणत्या पद्धतीने मिळाला ते साध्या शब्दांत सांगावे. पाचवीच्या मुलास एवढे कळते. आपल्या आजीचे वय घरातील दोन माणसे दोन सांगतात, हे त्याने पाहिलेले असते.

लवणासुराच्या कथेविषयीही शिक्षक अवघडतात. ती सांगितली तर विज्ञानास बाध येतो आणि न सांगितली तर गावकरी रागावतात, असे त्यांना वाटते. कथा अशी की, लवणासुर भूमीखाली दडून राहत असे. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्या विवराचे झाकण उडविले व त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर याच कथेचे आहे, आणि ते मुलांना अवश्य दाखवावे. कथा ही कथा म्हणून सांगावी. मग विचारावे की, ज्यांनी ती प्रथम रचिली त्यांनी या जागेविषयी काय काय ध्यानात घेतले होते ? पाणी खारट, म्हणून लवण. जमीन पोकळ झालेली. आणि वरचे काहीतरी जोराने उडून दूर पडलेले. काठाबाहेरील फुटक्या दगडांचा खच त्या लोकांनीही पाहिलाच असणार.

पाणी

काठावर कोठेही उभे राहून मुलांना विचारावे : येथे पडलेला पाऊस कोठे जाईल ? एका पावलाच्या अंतराने उत्तर बदलते. बाहेर पडलेले पाणी शेतांत उतरून ओढ्याला मिळते, आत पडलेले तळ्यात जाते व तेथून त्यास बाहेर वाट नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. असे युगानुयुगे चालल्याने पाणी खारट व तीव्र अल्कधर्मी झाले. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले की तळाचे क्षार काढून विकीत असत. साबण व काच यांसाठी त्यांचा उपयोग होई. त्याच कड्यातून धारेचे गोड पाणी बाराही महिने वाहते, ही गोष्ट मुलांना फार नवलाची वाटते.

खारे व अल्कधर्मी यांतील भेद हळदीने दाखविता येतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या सोबत घ्याव्यात. धारेच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहते. तळ्याच्या पाण्यात ती तांबूस होते. तळ्यापर्यंत उतरावयाचे नसेल तर शाळेत धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने हेच दाखवावे, कारण तळ्यातील क्षारांत सोड्याचाच अंश मोठा आहे. मिठाच्या पाण्यात पट्टी बदलत नाही, तेही सोबत दाखवावे, म्हणजे घोटाळा राहणार नाही.

काठावरून तळ्याचा रंग पाहून त्याची नोंद करावी. एरवी तो हिरवट असतो, पाण्यातील सूक्ष्म शैवालांमुळे. जून २०२० मध्ये तो गुलाबी झाला व सर्व देशाचे लक्ष इकडे वेधले गेले. पाणी कमी होऊन क्षारता वाढली तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढून हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत आढळले. पावसाने पाणी वाढल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला.

पाण्याभोवती चिखलाचा उघडा पट्टा, मग बाभळीचे व इतर झाडोऱ्याचे पट्टे, असे वर्तुळात वर्तुळ काठावरून दिसते. वेडी बाभूळ आत फार माजली आहे. ती मूळची येथील नव्हे हे सांगावे. मोर व वानरे सहज दिसतात. वानरांना खाऊ घालू देऊ नये. उत्तरेस सुमारे सातशे मीटरवर अंबर तळे व निद्रिस्त मारुतीचे मंदिर आहे. तेही दुसरे विवर असावे असा तर्क करण्यात आला होता, पण त्याचा निर्विवाद पुरावा नाही. वेळ उरल्यासच तिकडे जावे.

सहलीचा काळ मार्गशीर्ष ते माघ. पावसाळ्यात कडेची माती सुटते, आणि फाल्गुनानंतर येथे ऊन सोसवत नाही. काठाला सर्वत्र कठडा नाही, म्हणून मुलांनी कडेपासून पाच पावले आत चालावे. ओळीच्या पुढे एक व मागे एक मोठे माणूस असावे. बसण्याचे थांबे शिक्षकांनी आधी स्वतः येऊन ठरवावेत. प्रत्येक मुलाजवळ पाण्याची स्वतःची बाटली असावी, कारण धार सोडल्यावर वाटेत पाण्याचा भरवसा नाही. काठावरील दगड गोळा करून आणू देऊ नयेत. १९७९ साली हे स्थान राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित झाले आहे. मुलांना दगड हवाच असेल तर तो वहीत काढून न्यावा.

परतल्यावर प्रत्येकाने एक वर्तुळ काढून त्यात आपले थांबे, कललेला थर, धार, झाडीचे पट्टे व पाण्याची कड दाखवावी. काढलेल्या नकाशांपैकी एक शाळेच्या दप्तरी ठेवावा व त्यावर तारीख लिहावी. पुढील सहलीच्या वेळी तो सोबत नेऊन, पूर्व काठावरच्या त्याच जागी उभे राहून, पाण्याची कड त्या वेळी ज्या झाडापाशी होती तेथेच आहे की सरकली आहे ते मुलांनी पाहावे, आणि नवी रेघ निराळ्या रंगाने ओढावी.